हात न लावता हलगी

घर भाड्यानं घ्यायला गेलं की घरमालक विचारतो, माणसं किती, नोकरी कुठं, पाणी जास्त लागतं का. निपाणीतल्या माझ्या घरमालकांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी मला फाटकापाशी उभं केलं, फाटक मागंपुढं हलवून कुर्रर्र असा आवाज काढला आणि म्हणाले, "काय ऐकू आलं?"

"गंजलंय," मी म्हटलं.

"ते झालंच. पर मात्रा किती?"

नंदगडाकडच्या आमच्या गावाहून दोन बस बदलून मी उन्हाची आलेली. हातात बॅग, घशाला कोरड, आणि दुसऱ्या दिवशी विम्याच्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं. हा गृहस्थ सरकलेला आहे हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. पण माडीवरची खोली हवेशीर दिसत होती. "तीन," मी ठोकून दिलं.

त्यांनी डोळे मिटून फाटक पुन्हा हलवलं. "साडेतीन. पर चालंल, कान हायेत तुमाला. एकच अट. फाटकाला तेल घालायचं न्हाय."

त्यांना सगळी गल्ली 'सर' म्हणायची. भाजीवाली सर म्हणायची, भंगारवाला सर म्हणायचा, पुढं मीही म्हणू लागले. एका ट्रेनिंग संस्थेत ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि आता निवृत्त झाले होते. बुटके, रुंद खांद्यांचे, कानावर टेस्टर खोचलेला. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. पांढरं पातळ, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि आवाज असा की माडीवर माझ्या हातातला चहा हलायचा. दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं. आक्कानं भावाला शिकवण्यापायी केलं नाही. भावाचं का झालं नाही विचारल्यावर आक्का म्हणाली, "ह्या घरात दोन दिस टिकंल अशी बाई अजून जल्माला यायचीय."

त्याचा अर्थ मला पहिल्याच सकाळी कळला. मी साखरझोपेत होते, आणि डोक्यावर कुणीतरी लेझमीचा ताल धरला. दणदणीत, पितळी, थांबायचं नाव नाही. धडपडत गच्चीवर गेले तर तिथं एक जुनं घंगाळ पालथं टांगलेलं, आणि दोन लाकडी हातोड्या आपल्या आपण त्याच्यावर नाचत होत्या. माणूस कोणी नाही. शेजारच्या गच्चीवरून एक बाई ओरडली, "सरांची टाकी भरली गं! आता आपल्याकडं पाणी येतंय, कळशा लावा!"

टाकी भरली की घंगाळ वाजायचं. कुणी दारात आलं की बेल दाबल्यावर स्टीलच्या ताटलीवर चार चमचे वाजायचे. दूध उतू जायच्या बेताला आलं की स्वैपाकघरातली झाकणं आपटायची. माकडं हाकलायला म्हणून सरांनी कौलांवर तेलाचे रिकामे डबे बसवले होते, पण त्यांना लावणीचा इतका झकास ठेका दिला होता की माकडं पळायची सोडून कट्ट्यावर ओळीनं बसायची. आक्का म्हणायची, "आधी चारच येत हुती. आता पावणेरावळे घिऊन येत्यात."

हे सगळं चालायचं कशावर, तर मोटारींच्या दारांची कुलपं आपोआप लावणाऱ्या छोट्या मोटरींवर. भंगारात गेलेल्या गाड्यांतून सर त्या काढून आणायचे. वीज सोडली की मोटरीतला दांडा खटकन पुढं येतो, दांड्याला काठी बांधली की झाला वाजवणारा हात. कधी कुठल्या हातानं मारायचं ते तळहाताएवढं कंट्रोलर बोर्ड ठरवायचं. दिसायला सोपं. पण वीज डोळ्याचं पातं लवेपर्यंत जरी जास्त राहिली, तरी काठी भांड्याला चिकटून राहते आणि नाद मरतो. मारलं की लगेच मागं यायला पाहिजे, म्हणजे भांडं बोलतं. सर मला हे दहादा समजावून शेवटी एकच वाक्य म्हणायचे: "मारणं सोपं हाय. परत येणं अवघड."

एकदा कुणीतरी घंगाळाची तक्रार केली आणि पोलीस आला. निपाणी पडली कर्नाटकात, म्हणून तो कन्नड बोलणारा. फाटकातूनच ओरडला, "एनु गलाटे री इदु?" कसला गोंधळ चाललाय म्हणून. सरांनी त्याला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि खटका दाबला. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर साहेबांचा बूट तालावर हलत होता. जाताना त्यानं सगळ्याचा व्हिडिओ काढून नेला. तक्रार कुठं गेली ती देव जाणे. सर मला म्हणाले, "माणसं पाटीवरच्या मराठी-कन्नड अक्षरावरनं भांडत्यात बगा. ठोक्याला कसली आलीय भाषा?"

त्यांची एक सवय मात्र मला कोड्यात टाकायची. इतका तालवेडा माणूस, पण स्वतः कधी कशावर बोट आपटायचा नाही. टेबलावर नाही, गुडघ्यावर नाही. गल्लीतून लग्नाची वरात चालली, बँड जोरात आला, की सर दारात येऊन उभे राहायचे आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचे. डोळे मिटलेले, मान डोलते आहे, आणि हात खिशात गच्च. कुणीतरी तिथं कोंडून ठेवल्यागत.

दुसरं कोडं म्हणजे घरभर डबे, ताटं, घंगाळं, पत्रे, पण कातडं लावलेलं एकही वाद्य नाही. ढोल नाही, डफ नाही. मी विचारलं तेव्हा सरांनी स्वैपाकघराकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आक्काचा कायदा हाय. काय वाजवायचं ते वाजव म्हणती, पर चामडं घरात आणायचं न्हाय."

आता मला उगीच गप्प बसवत नाही. एका रविवारी आक्का मेथी निवडत होती, मी समोर बसून निवडू लागले आणि सरळ विचारलं. ती थोडा वेळ काड्या मोडत राहिली.

"आमचा बा हलगी वाजवायचा," ती म्हणाली. "हिथनं जवळच आमचं गाव. कुस्तीचं मैदान भरलं की बाला सांगावा यायचा. सांगावा कसला, जायचंच. आमच्या जातीचं कामच धरल्यालं ते. मी संगं जायची. हलगी गार पडली की ढिली हुती, मग ती शेकाय लागती. मी उसाचं पाचट पेटवायची, बा हलगी शेकायचा. ह्यो धाकला तवा माझ्या कडंवर."

"मग?"

"एका वर्साला बा सकाळधरनं उभा. दीस कलला, शेवटची कुस्ती लागायची हुती. पंचांच्या कडंला एक खुर्ची मोकळी हुती, तिच्यावर बा जरा टेकला. तर कोन तरी वरडलं, 'आता हलगीवाला बी खुर्चीत बसून वाजवनार व्हय रं?' आणि सगळं मैदान हसलं गं पोरी. एक बी तोंड मिटल्यालं न्हवतं. बा उठला. हलगी त्या खुर्चीत ठिवली आणि मला म्हनला, चल. वाटंत येवढंच बोलला: आजपास्नं आपल्या घरातला हात हलगीला लागायचा न्हाय. शेवटची कुस्ती तशीच ऱ्हायली."

तिनं मेथीची जुडी जोरात झटकली. मग वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत लागले. धूळ खात, खोकत दोन्ही पोरांना शिकवलं. पुढं सगळी आळी बुद्धाच्या वाटेनं गेली, गावकीची कामं सुटली, घरात पुस्तकं आली. पण वडिलांनी मरेपर्यंत पुन्हा कधी साध्या ताटावरही बोट वाजवलं नाही.

आमच्याही गावात मैदान भरतं. आमच्या घरातली माणसं तिथं खुर्चीत बसतात, पूर्वीपासून. त्या खुर्च्यांकडं मी कधी नीट पाहिलंच नव्हतं, आणि त्या दिवशी स्वैपाकघरात बसल्या बसल्या मला त्यांची लाज वाटली.

पोलिसानं नेलेला तो व्हिडिओ या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होता. फिरत फिरत तो सरांच्या आणि आक्काच्या गावात पोचला. एका सकाळी ताटलीवरचे चमचे वाजले आणि दारात तिघंजण. पांढरे कपडे, एकाच्या हातात नारळ. पुढं होता तो कुस्ती कमिटीचा अध्यक्ष, गावच्या पाटलांच्या घरातला. आक्काला पाहताच त्यानं चप्पल काढली, कारण चौथीपर्यंत तो तिच्याच हाताखाली शिकला होता.

"बाई, यंदा डॉल्बीला बंदी हाय," तो म्हणाला. "आणि आमची हलगीवाली मंडळी दुसरीकडची सुपारी घिऊन बसल्यात. सरांचं मशीन बगिटलं मोबाइलवर. म्हटलं इचारावं. तसा हलगीचा मान तुमच्याच घरचा हाय म्हना."

"कसला मान?" आक्का म्हणाली. "शिळ्या भाकरीचा का उभं ऱ्हायचा?"

अध्यक्षानं नारळ या हातातून त्या हातात घेतला. आक्का आत निघून गेली. आता सर नाही म्हणतील आणि चहा देऊन वाटेला लावतील, असं मला वाटलं. सर म्हणाले, "येतो."

त्यानंतर आक्कानं भावाशी बोलणं टाकलं. सगळा कारभार माझ्यामार्फत. "त्याला सांग, भाकरी झाकून ठिवल्या." "त्याला सांग, आंघुळीचं पाणी निवतंय." सर माझ्या पलीकडं हातभर अंतरावर उभे असायचे. शेवटी एका संध्याकाळी तेच स्वैपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले.

"आक्का, चामडं आणावं लागंल."

"बाचा सबुद हाय."

"बा हात म्हनला हुता. हात लागायचा न्हाय, आक्का."

"मास्तर झालास आणि वकिली करायलास व्हय?"

"आक्का, ऐक की. बानं हलगी टाकली, बरुबर केलं. पर नाद तर त्याचाच हुता. अपमान त्या हसनाऱ्यांचा हुता, त्यो त्यांनी घिऊन जावा. नाद आमचा हाय, त्यो आमाला मागारी पायजे." बोलताना सरांचे हात खिशातच होते. "मला बाचं बाकी कायबी आठवत न्हाय गं त्या मैदानावरचं. तुज्या कडंवर हुतो. येवढाच एक आवाज आठवतोय."

आक्का चुलीकडं तोंड करून बसली. भाकरी करपल्याचा वास आला तशी तिनं ती तव्यावरनं उतरवली. मग म्हणाली, "शेडात ठेव. घरात न्हाय." बास, तेवढ्यावर सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

कोल्हापूरकडून दोन हलग्या आल्या. त्या उचलायला सरांनी वायरमन लोक घालतात ते कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणले. मी हसले, तर म्हणाले, "सबुद म्हंजे सबुद. एक बोट लागू द्यायचं न्हाय." त्या जाड मोज्यांत साधा स्क्रू धरायचा म्हणजे काय होतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दिवसभर शेडातून स्क्रू पडल्याचे आणि सरांनी स्वतःलाच घातलेल्या शिव्यांचे आवाज यायचे.

लोखंडी सांगाड्यावर हलग्या उभ्या बसवल्या. एकेकीला दोन काठ्या, एक लांब बारीक, एक आखूड जाड. जाड काठी जड, ती पोचायला उशीर करायची, म्हणून तिला निघायचा हुकूम आधी द्यावा लागे. तिचा उशीर धरून हिशेब करण्यात सरांनी किती मोटरी जाळल्या ते त्यांनाच ठाऊक. हलगी ऊबदार राहावी म्हणून मागं बल्ब लावले. आणि सगळ्यात पुढं एक खटका बसवला, पुढं ढकलला की ताल चढेल, मागं ओढला की उतरेल. तो खटका मात्र माझ्या गुडघ्याच्या जरा वर येत होता. चालवायचा तर कंबरेत वाकायला लागायचं.

"सर, हा एवढा खाली का बसवलाय?" मी विचारलं. "वर घ्या की, पाठ मोडेल."

"असू दे," ते म्हणाले. "बरुबर हाय त्यो."

मैदानाच्या दिवशी आक्का येणार नव्हती. दुपारी मात्र ती पातळ बदलून, छत्री घेऊन फाटकात उभी. "मी वाजवाय न्हाय निघाले," ती मला म्हणाली. "ते बंद कवा पडतंय तेवढं बगायचंय." आम्ही रिक्षा केली.

गावाबाहेर लाल मातीचा आखाडा, भोवती माणसांचा समुद्र. बाया आम्ही दोघीच, त्यामुळं लोक सरकून वाट देत होते. आक्का एका बाभळीखाली थांबली आणि पुढं यायला तयार होईना. समोर व्यासपीठावर खुर्च्या, खुर्च्यांत फेटेवाले पाहुणे, आणि त्यांच्याच रांगेत सरांचं मशीन. ही सरांची अट होती. खाली मातीत नाही, वर, पाहुण्यांच्या बरोबरीनं.

सुरुवात तर झकास झाली. खटका ढकलला आणि काठ्या अशा उठल्या की पाखरं उडाली. लोक उभे राहून मोबाइल धरू लागले. लहान पोरांच्या कुस्त्या धडाधड सुटल्या. सर मशीनभोवती घिरट्या घालत होते आणि मधूनच बाभळीकडं पाहत होते.

ऊन उतरलं आणि घात झाला. हवेत गारवा आला, जनरेटर दमला, बल्ब काजव्यांएवढे झाले. हलगी ढिली पडत गेली. कडकड जाऊन भदभद सुरू झालं. कुणीतरी ओरडलं, "सर, सेल बदला की!" मैदान हसलं. सगळंच्या सगळं. मी आक्काकडं पाहिलं. तिनं छत्री मिटली होती.

ती चालायला लागली. मी मागं. माणसांतून, आखाड्याला वळसा घालून, पायऱ्या चढून थेट व्यासपीठावर. तिथला एक तरणा कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, बायकांनी हिकडं..." आक्कानं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. वाक्य तिथंच राहिलं.

"धाकल्या, शेकाय नको व्हय ती?"

"आक्का, बल्ब लावलेत आत, पर करंट..."

"बल्बानं कुटं हलगी शेकत्यात? पाचट आना कोन तरी! शेतं काय लांब हायती?"

पाचट आलं. व्यासपीठाच्या पायथ्याशी जाळ झाला. सरांनी मोजे घालून हलग्या सांगाड्यावरून सोडवल्या आणि तसेच उभे राहिले, कारण मोजे रबराचे, जाळाजवळ नेले तर वितळणार. आक्का अध्यक्षाकडं वळली.

"धर."

"मी, बाई?"

"मग कोन? आमच्या घरातला हात हलगीला लागत न्हाय. का लागत न्हाय ते तुज्या आज्याला ठावं हुतं. धर."

सगळं गाव बघत होतं. पाटलाच्या घरातला तो गडी एकदा पाहुण्यांकडं बघून घेत खाली उतरला, फेटा मागं सारला आणि त्यानं दोन्ही हातांनी हलगी धरली.

"लांब धर. जाळतोस काय? गोल फिरीव, गोल. आईला कवा भाकरी भाजताना बगिटलंस का न्हाय? हां. आता दुसरी घे. चौथीत बी तुला येक काम येका दमात जमायचं न्हाय."

पहिल्यांदा कोण हसलं कोण जाणे, पण या खेपेला ते हसणं वेगळं होतं. शिट्ट्या पडल्या. अध्यक्षही घामाघूम होऊन हसू लागला. तापलेल्या हलगीवर त्यानं बोटानं टिचकी मारली, आणि ती टण्ण बोलली. आक्काचे डोळे क्षणभर मिटले.

शेवटची कुस्ती लागली. एक गडी बेळगावच्या तालमीतला, एक कोल्हापूरकडचा. सलामी झाली. सरांनी खटका धरला, कंबरेत वाकून, डोळे मशीनवर, पाठ आखाड्याकडं. गडी एकमेकांना चाचपत होते तर यांचा ताल चढलेला, आणि गडी भिडले तर उतरलेला. पैलवानांचंही लक्ष उडालं. कुस्ती बसल्यागत झाली.

"पाठ फिरवून काय वाजवतोस?" आक्का कडाडली. "तिकडं बग! पट काढाय बगतोय त्यो, आता चढव! आरं, गेलं की! बा कवा हलगीकडं बगायचा न्हाय, गड्याच्या पायाकडं बगायचा!"

सरांनी खटका सोडला. बाजूला झाले. "मग तूच धर, आक्का," ते म्हणाले. "ही काय हलगी न्हवं. खटका हाय."

आक्का पुढं झाली. खटक्याला हात लावायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली. तिनं त्या खटक्याची उंची पाहिली. मग भावाच्या तोंडाकडं पाहिलं. सर हात खिशात घालून उभे होते, पण माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. हा माणूस वेडा म्हणून निपाणीत प्रसिद्ध होता, आणि त्यानं पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीसाठी हे सगळं मांडलं होतं.

आक्का ताठ झाली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज तिनं काढला.

"खुर्ची आना."

आखाड्यातले पैलवानही हात सैल करून बघू लागले. अध्यक्षानं स्वतःची खुर्ची उचलली. मधली, गादी घातलेली. ती मशीनपुढं ठेवली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली. "बसा, बाई," तो म्हणाला.

आक्का बसली. पदर सावरला. खटका तिच्या हाताला असा आला की जणू तिच्या मापानंच शिवला होता. तिनं मशीनकडं एकदाही पाहिलं नाही. नजर गड्यांच्या पायांवर. आधी हळू, चालत्या पावलाएवढा ताल. बेळगावच्या गड्यानं हात टाकला, तिनं थोडं चढवलं. त्यानं डाव सोडला, तिनं ओढून धरलं. गडी आता तिच्या तालावर फिरत होते का ती त्यांच्या, ते सांगता येत नव्हतं. लहानपणी कडेवर भाऊ घेऊन, पाचटाच्या धुरात डोळे चोळत जे तिनं पाहिलं होतं, ते सगळं तिच्या मनगटात शिल्लक होतं. ताल चढत गेला, आणखी चढला, काठ्या दिसेनाशा झाल्या, आणि बेळगावच्या गड्यानं कोल्हापूरच्याला उचलून पाठीवर टाकलं. चीतपट!

मैदान फुटलं. फेटे उडाले, माती उडाली, जिंकलेल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. व्यासपीठावरचे पाहुणे ताडकन उठून टाळ्या पिटू लागले. आणि सर! सरांचे हात खिशातून बाहेर होते. डोक्यावर धरून ते टाळ्या वाजवत होते, आक्काच्या तालावर, अचूक, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

हलगी अजून चालूच होती. अध्यक्ष वाकून म्हणाला, "बाई, झाली कुस्ती."

आक्कानं मान हलवली नाही. ती ताल उतरवत आणत होती, पायरी पायरीनं, घाई न करता, जशी हलगी वडिलांनी त्या दिवशी उतरवायची होती आणि उतरवली नव्हती. शेवटचा ठोका पडला. तिनं खटक्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"आता झाली," ती म्हणाली.

मी भोवती पाहिलं. व्यासपीठावरच्या साऱ्या खुर्च्या मोकळ्या होत्या. पाहुणे उभे, पंच उभे, पाटील उभे, सगळं मैदान उभं होतं. बसलेली होती ती एकटी आक्का.